स्कॅनर म्हणतो लीन, प्लग मात्र काळे: परत परत लागणाऱ्या चेक इंजिन लाईटचं एक प्रकरण

गाडी २०१४ ची, बाराशे सीसी पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, लाखाला थोडी कमी चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हा प्रकार कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतो आणि नाव टाकलं की लोक मुद्दा सोडून कंपनीवरच भांडत बसतात. मालक गणिताचे रिटायर्ड सर, राहायला सातारला गोडोलीत, त्याआधी नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरीत काढलेली आणि गाडीही तिथेच उघड्यावर उभी असायची. हे रत्नागिरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तक्रार साधी: डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा लाईट लागतो, गॅरेजला नेलं की स्कॅनर लावून कोड उडवतात, काहीतरी बदलतात, आठ-पंधरा दिवस बरं जातं आणि परत लाईट हजर. गाडी चालवताना तसा काही त्रास नाही, झटके नाहीत, मिसिंग नाही, पिकअप ठीक. फक्त गावात ॲव्हरेज पडलंय आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जरा टकटक वाजतं.

माझ्या गॅरेजला गाडी येईपर्यंत झालेल्या कामांची यादी बरीच लांबली होती. चारही प्लग नवीन, थ्रॉटल बॉडी साफ, इंजेक्टर क्लीनिंग, पेट्रोलमध्ये टाकायची बाटली (ही प्रत्येक गॅरेज देतंच, त्यात मार्जिन चांगलं असतं), पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवीन, इनटेकच्या (इंजिनात हवा जायच्या वाटेच्या) सगळ्या व्हॅक्युम नळ्या आणि इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग नवीन, टकटक वाजतं म्हणून टॅपेट सेट करून दाट ऑइल टाकलेलं. आणि शेवटी एका ठिकाणी सांगितलं की कॅटकॉन (धुरातले विषारी वायू जाळणारा डबा) गेलाय, या गाडीत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डसकट (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) एकच पीस येतो, चाळीस हजाराच्या आसपास जातील. तिथे सर थांबले. मला म्हणाले, "अहो, पैसे गेले त्याचं काही नाही, पण कोणीतरी मला कारण सांगा. उत्तर देतायत सगळे, रीत कोणीच दाखवत नाही."

गणिताचा माणूस, काय बोलणार!

कोड दोन होते. नेहमीचा पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आणि मधे एकदाच आलेला पी०४२०, म्हणजे कॅटकॉनचं काम कमी पडतंय. यातल्या एकाही कोडमध्ये 'अमुक पार्ट बदला' असं लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडे स्कॅनर म्हणजे जणू लॅबचा रिपोर्ट, पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदल, पी०४२० आला की कॅटकॉन बदल. पी०१७१ चा खरा अर्थ एवढाच की ऑक्सिजन सेन्सरला सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन जास्त दिसतोय आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवत वाढवत आपली मर्यादा गाठली तरी तो कमी होईना. तो ऑक्सिजन कुठून आला हे कोड सांगत नाही, ते आपण शोधायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आधीच्या प्रत्येक गॅरेजने पुसून टाकली होती. कोड पक्का होतो त्या क्षणाची नोंद ईसीयू स्वतःकडे ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या वेळी आरपीएम किती, इंजिन किती गरम, गाडीचा स्पीड किती, लोड किती, फ्युएल ट्रिम (हिशोबापेक्षा पेट्रोल किती कमीजास्त) किती, सगळं असतं. आणि कोड उडवला की ही नोंदही उडते. शिवाय बहुतेक गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेला लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो. म्हणजे ईसीयू परत पाटी कोरी करून बसतो, हळूहळू परत शिकतो की अरे इथे पेट्रोल वाढवायला लागतंय, मग मर्यादा गाठतो, मग लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद केली की एक) तसंच दिसलं की लाईट लावतो. सरांचं रोजचं चालवणं म्हणजे भाजी, बँक आणि नातीची शाळा, त्यामुळे या शिकण्याला आठ-पंधरा दिवस जायचे. म्हणून प्रत्येक गॅरेजचा प्रत्येक उपाय पहिले आठ-पंधरा दिवस 'लागू' पडायचा! काहीच न बदलता नुसता कोड उडवला असता तरी तेवढेच दिवस गेले असते.

तर मी कोड उडवला नाही. सरांना म्हटलं परत लाईट लागू द्या, लागला की गाडी तशीच घेऊन या, बॅटरीची वायर काढू नका, वाटेत कोणाला स्कॅनर लावू देऊ नका. आणि तोवर मला तुमची वही द्या.

वही म्हणजे सर प्रत्येक वेळी टाकी फुल करतात आणि तारीख, किलोमीटर, लिटर लिहितात, २०१४ पासून. शेजारी बारीक अक्षरात 'लाईट लागला', 'पुणे जाऊन आलो', 'सेन्सर बदलला' असं सगळं. अशी वही मिळाली की माझं अर्धं काम होतं खरं तर. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक, लाईट कायम गावातल्या चालवण्यात लागलाय, पुण्याच्या फेरीत एकदाही नाही. आणि दोन, पूर्वी वर्षानुवर्षं काही नव्हतं, हा ताप गेल्या दोनेक वर्षातला. ॲव्हरेजही गावातच पडलंय, हायवेचं थोडंसं कमी आहे पण फार नाही.

लाईट लागून गाडी आली तेव्हाची फ्रीझ फ्रेम अशी: आरपीएम ७९०, स्पीड शून्य, कूलंट ७४ डिग्री (पूर्ण गरम झाल्यावर ही गाडी ९० च्या आसपास असते), लाँग टर्म ट्रिम अधिक १९, शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) अधिक ९. म्हणजे सकाळी घरातून निघून पोवई नाक्याच्या आसपास गर्दीत उभी असताना, इंजिन अजून पुरतं गरम नसताना, ईसीयू नेहमीपेक्षा जवळजवळ २८ टक्के जास्त पेट्रोल ओततोय. लाईटची मर्यादा गाडीगाडीनुसार वेगळी असते, पण दोन्ही ट्रिम मिळून २५ च्या पुढे गेले की बऱ्याच गाड्या ओरडतात.

ट्रिमचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शून्य म्हणजे कंपनीने भरलेल्या हिशोबाप्रमाणे पेट्रोल जातंय. अधिक म्हणजे ईसीयू वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं, दहाच्या पुढे गेलं की बघायला घ्यायचं.

मग गाडी पूर्ण गरम करून, स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून बघितलं. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकूण ट्रिम अधिक १७-१८. आरपीएम २५०० ला धरून ठेवला की उतरत उतरत अधिक ८. आणि सरांना शेजारी बसवून खंबाटकी घाटाच्या चढाला नेली, तिसऱ्या गियरमध्ये चांगली दाबून, तिथे अधिक ६. म्हणजे जितका लोड जास्त तितकी गडबड कमी.

या एका गोष्टीवर अर्धी यादी कटते. पेट्रोल पंप कमजोर असता, फिल्टर चोक असता किंवा इंजेक्टर जाम असते तर उलटं झालं असतं, आयडलला जेमतेम पुरलं असतं आणि घाटात पेट्रोल कमी पडून ट्रिम वर गेला असता. तरी गेज लावून प्रेशर बघून घेतलं, आयडलला आणि रेस दिल्यावर दोन्हीकडे कंपनीच्या आकड्यात. पंपाचा विषय संपला.

आयडलला जास्त आणि लोडला कमी म्हटल्यावर कुठलाही व्हिडिओ तुम्हाला सांगेल, व्हॅक्युम लीक! थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी नळी फाटलीय, तिथून न मोजलेली हवा आत जातेय. आधीच्या गॅरेजनेही हेच धरून नळ्या आणि पॅकिंग बदललं होतं. पण इथे एक गंमत आहे आणि ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या गाड्यांचे असतात ज्यात आत जाणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. त्याच्या पुढून चोरून हवा शिरली तर त्याला पत्ताच लागत नाही, म्हणून मिश्रण लीन होतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतोच, तिथे मॅप सेन्सर असतो, तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बघतो आणि त्यावरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. आता नळी फाटून हवा आत शिरली तर आतला दाब वाढणार, तो मॅपला दिसणार, आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलही देणार. मग लीन होण्यापेक्षा आयडलचा आरपीएम चढा राहतो नाहीतर वरखाली होत राहतो. या गाडीचा आयडल एकदम स्थिर, ७८०-७९०. तरी खात्री म्हणून इनटेकच्या सगळ्या सांध्यांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारला, एखाद्या सिलेंडरच्या तोंडाशीच लीक असेल तर मॅप असूनही त्रास देऊ शकतो म्हणून. आरपीएम हलला नाही, ट्रिम हलला नाही.

मग प्लग काढले. आणि इथे प्रकरण फिरलं.

चारही प्लग काळे, कोरड्या काजळीने माखलेले. चारही सारखेच, एखादाच जास्त असं नाही. नवीन टाकून काही महिनेच झालेले. लीन मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनचे प्लग पांढरट असतात, काळे होत नाहीत. म्हणजे स्कॅनर सांगतोय पेट्रोल कमी पडतंय आणि प्लग सांगतायत पेट्रोल जास्त होतंय. दोघांतला कोणतरी एक चुकतोय, आणि प्लग तर ज्वाळेतच बसलेला, त्याला चुकायला जागा नाही. म्हणजे इंजिन खरोखर रिच चाललंय, ईसीयूला मात्र ते लीन दिसतंय. ईसीयूला दाखवतो कोण? ऑक्सिजन सेन्सर.

लगेच 'मग सेन्सरच खराब' म्हणायचा मोह होतो. पण तो बदलून झाला होता आणि फरक शून्य. तरी टेस्ट घेतली. पुढचा सेन्सर झिर्कोनियाचा साधा, ऑक्सिजन जास्त असला की ०.१ व्होल्टच्या आसपास, कमी असला की ०.९ च्या आसपास दाखवतो आणि चांगला असला तर या दोघांत सतत झोके घेतो. आयडलला थ्रॉटलमध्ये कार्ब क्लीनर थोडा सोडला, सेन्सर ताबडतोब ०.८५ वर गेला, सोडायचं थांबवलं की खाली आला. सरांनी जुना काढलेला सेन्सर जपून ठेवला होता, तोही लावून बघितला, तसाच चपळ. दोन्ही सेन्सर एकदम ठणठणीत. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाहीये, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या धुरातच खरोखर जादा ऑक्सिजन आहे, फक्त तो इंजिनमधून आलेला नाही.

मग राहिलं एकच. इंजिनचं एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडायचं तोंड) आणि पुढचा सेन्सर यांच्यामधे कुठेतरी फट आहे आणि तिथून बाहेरची हवा आत येतेय.

सरांनी लगेच विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता, की एक्झॉस्टमध्ये तर दाब असतो, फट असली तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी शिरेल? तर एक्झॉस्टचा दाब सलग नसतो. एक एक सिलेंडर धूर सोडतो तशा लाटा जातात, लाट पुढे निघून गेली की तिच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि त्या क्षणी फट असेल तिथून हवा आत ओढली जाते. आयडलला लाटा कमी आणि मधली मोकळी जागा जास्त, म्हणून आत ओढणं जास्त. घाटात दाबून चालवताना धुराचा लोंढाच इतका की शिरलेली हवा त्यात किस झाडकी पत्ती, शिवाय बहुतेक वेळ धूरच बाहेर ढकलला जातो. ट्रिमचे आकडे नेमके हेच सांगत होते. सरांना मी असं सांगितलं: आमटीत मीठ बरोबर आहे, पण चव घ्यायच्या पळीत कोणीतरी आधीच पाणी ओतून ठेवलंय, त्यामुळे आचारी चव घेतो आणि आमटीत मीठ वाढवत बसतो. पळी बदलून काय उपयोग. यावर सर म्हणाले, "म्हणजे समीकरण बरोबर, मापनात बाहेरची राशी." चालेल, तसंही म्हणा.

सकाळच्या टकटकीचाही उलगडा तिथेच. टॅपेटचा आवाज म्हणून टॅपेट सेट केले, ऑइल बदललं, पण तो आवाज फटीतून निसटणाऱ्या धुराचा होता. लोखंड गरम होऊन फुगलं की फट बरीचशी मिटते आणि आवाज दोन-तीन मिनिटात बंद पडतो. पूर्ण मिटत नाही, म्हणून गरम आयडललाही १७-१८ दिसत होतं, आणि अर्धवट गरम असताना २८. टकटक टॅपेटची की एक्झॉस्टची हे ओळखायचं तर थंड इंजिनला थोडी रेस देऊन ऐका, एक्झॉस्टची असेल तर रेसबरोबर एकदम जोरात फुसफुसते आणि गरम झाल्यावर गायब होते.

आता फट नेमकी कुठे. गाडी रात्रभर गॅरेजला ठेवली, सकाळी थंड असताना मॅनिफोल्डवरची पत्र्याची हीट शिल्ड काढली. तिचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, दोन तर तुटूनच आले, आणि आधी कोणी ही शिल्ड का काढली नाही ते तिथेच कळलं. मग घरचा व्हॅक्युम क्लीनर, ज्याला उलटी हवा फेकायचं तोंड असतं, तो चिंध्या गुंडाळून सायलेन्सरच्या टोकाला लावला आणि मॅनिफोल्डच्या सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. यासाठी स्मोक मशीन मिळते, पण हा खेळ दारातही करता येतो, फक्त इंजिन पूर्ण थंड पाहिजे. चौथ्या सिलेंडरच्या खालच्या कोपऱ्यातून बुडबुडेच बुडबुडे. टॉर्च मारून बघितलं तर हेडच्या ॲल्युमिनियमवर काजळीचा काळा फराटा, आणि त्या कोपऱ्यातला स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा बोल्ट) नटासकट गायब. तुटून हेडच्या बरोबरीने आत राहिलेला.

रत्नागिरीची खारी हवा आणि उघड्यावरचं पार्किंग हे गंजाचं कारण झालंच. पण एकच स्टड, आणि तोही टोकाचा, का तुटावा म्हणून खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरला धरून ठेवणाऱ्या रबरांपैकी मधलं रबर नव्हतंच, कधी गळून पडलं कोणास ठाऊक. त्यामुळे पाइपचं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट मॅनिफोल्डवर. हे न बघता नुसता स्टड बदलला असता तर वर्ष-दोन वर्षात परत तुटला असता.

काम काही फार मोठं नाही पण जीव खाणारं. बाकीचे नट काढायच्या आदल्या रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारत ठेवलं, तरी अजून एक स्टड बाहेर येताना तुटला. तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं, लाल असतानाच नाही तर जरा निवल्यावर पाना लावून मागेपुढे करत करत सोडवायचं. हेड ॲल्युमिनियमचं, तिथे घाई करून ड्रिल तिरकं गेलं तर चाळीस हजाराच्या कॅटकॉनपेक्षा मोठं बिल होतं. दोन्ही निघाले. मॅनिफोल्डचा फेस (हेडला टेकणारी बाजू) पट्टी ठेवून फीलर गेजने बघितला तर चौथ्या बाजूला वाकलेला, म्हणून लेथवाल्याकडून फेस मारून आणला. हे न करता नवीन पॅकिंग टाकणं म्हणजे परत दोन महिन्यांनी तेच. मग नवीन स्टड, नवीन पॅकिंग, नट मधून बाहेरच्या बाजूला दोन टप्प्यात टॉर्क रेंचने आवळले, सायलेन्सरची तिन्ही रबरं नवीन. लेथ धरून सगळं मिळून साडेसहा हजारात बसलं. प्लग फेकले नाहीत, साफ करून तेच लावले.

आता कॅटकॉनचं. पी०४२० एकदा आला होता म्हणून तो बदलायला सांगितला होता, पण पुढच्या सेन्सरच्या आधीच जादा हवा शिरत असेल तर ती पुढे कॅटकॉनमधून मागच्या सेन्सरपर्यंतही जाते आणि पी०४२० खोटा येऊ शकतो. फट बंद करण्याआधी कॅटकॉनबद्दल काही बोलणंच चूक. उलट एक गोष्ट त्याच्या बाजूने होती: लाईट लागलेला असतानाही गाडीची पीयूसी आरामात पास झाली होती. यावरून सरांचा मुलगा म्हणत होता की पीयूसी पास आहे म्हणजे लाईटच खोटा. तसं नसतं. आपली पीयूसी हा चेक इंजिनचा लाईट बघतच नाही, सायलेन्सरच्या टोकाला नळी घालून वायू मोजते, बीएस-४ पेट्रोलला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएमच्या आत पाहिजे. या गाडीत इंजिनातून सीओ जास्त येत होतं हे खरं, पण फटीतून शिरलेली हवाही बरोबर होती, आणि ईसीयू पेट्रोल वाढवून वाढवून सेन्सरपाशी दोघांचा मेळ बसवत होता. त्या हवेवर कॅटकॉन जादा सीओ आतल्या आत जाळून टाकत होता. म्हणजे पीयूसी पास होत होती ती कॅटकॉन चांगला असल्यामुळे! अर्थात असं वर्षानुवर्षं जाळत राहिला असता तर उष्णतेने तो खरंच गेला असता, आणि मग त्या गॅरेजचं म्हणणं खरं झालं असतं.

काम झाल्यावर आधीचे सगळे आकडे फोटो काढून ठेवले आणि मगच कोड उडवला. सरांना सांगितलं नेहमीसारखीच चालवा, गावातही आणि एकदा पुण्यालाही. लाईटपेक्षा पेंडिंग कोड बघायचा असतो, कारण पहिल्या ड्राइव्ह सायकलला गडबड दिसली की ईसीयू लाईट न लावता तिथे नोंद करून ठेवतो. आणि रेडीनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) सगळे पूर्ण झालेत का ते बघायचं, ते अर्धवट असताना 'कोड नाही' याला काही अर्थ नसतो, ईसीयूने तपासणीच केलेली नसते. परत आले तेव्हा पेंडिंग काही नाही, मॉनिटर पूर्ण, मागचा सेन्सर ०.६-०.७ ला शांत बसलेला, म्हणजे कॅटकॉन काम करतोय. सकाळची टकटक बंद. आणि ट्रिम आयडललाही अधिक ६, २५०० ला अधिक ६, घाटातही अधिक ६.

सरांची नजर बरोबर त्या सहावर. "शून्य का नाही?"

हा प्रश्न मला आवडला कारण दोन वर्षांपूर्वीच हा त्रास का सुरू झाला याचं उरलेलं उत्तर इथेच आहे. फट एकाच ठिकाणची असते तेव्हा ट्रिम आयडल आणि लोडला वेगवेगळा दिसतो. सगळीकडे एकसारखा सहा दिसतोय म्हणजे कारण सगळीकडे एकसारखं आहे, आणि ते टाकीत आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त ओतावं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण सहा ते आठ टक्के. ही गाडी तयार झाली त्या २०१३-१४ मध्ये देशभरातलं ब्लेंडिंग (पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं) दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०२२ मध्ये ते दहावर पोचलं, २०२३ पासून ई२० पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के झालंही. आपल्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा फायदाच, ते वेगळं. पण जुन्या गाडीचा ईसीयू जुन्या पेट्रोलचा हिशोब धरून बसलेला असतो आणि हा फरक तो ट्रिममधून भरून काढतो. अधिक सहा हा बिघाड नाही, तो आजच्या पेट्रोलचा हिशोब आहे. हायवेचं ॲव्हरेज थोडंसं कमी झालंय तेही त्यातलंच, ते कुठल्याही गॅरेजमध्ये परत मिळणार नाही.

आता बेरीज बघा. फट बहुतेक जुनीच असणार, काजळीचा फराटा काही सहा महिन्यांचा नव्हता. पण जुन्या पेट्रोलवर तिचे एकटीचे वीस-बावीस टक्के लाईटच्या मर्यादेच्या आत बसत होते, त्यामुळे लाईट न लागताच गाडी चालत राहिली. पेट्रोल बदललं, खालून सहा टक्के वाढले आणि तीच फट मर्यादेच्या बाहेर गेली. म्हणून 'ई२० मुळे गाडी बिघडली' हे म्हणणं बरोबर नाही आणि 'ई२० चा काही संबंध नाही' हेही नाही. जुन्या बीएस-४ गाड्यांमध्ये हल्ली पी०१७१ चं प्रमाण वाढलेलं मला माझ्याच गॅरेजमध्ये दिसतं, आणि बहुतेक वेळा असंच असतं, एखादी छोटी जुनी भानगड आणि वरून हे सहा-सात टक्के. त्यामुळे आता जुनी गाडी आली की मी आधी घाटात किंवा निदान हायवेला लोडवरचा ट्रिम बघतो, तो पेट्रोलचा भाग समजून बाजूला काढतो आणि आयडलला त्यावर जेवढं उरेल त्याचाच शोध घेतो.

सरांच्या वहीत गावातलं ॲव्हरेज तेरावरून साडेपंधरापर्यंत आलंय. मी एवढंच सांगितलंय की नवीन पॅकिंग चार-पाचशे किलोमीटरनंतर एकदा बसतं, तेव्हा नट परत टॉर्कला बघून घ्यायचे, आणि इंजिनचा मागचा माउंट थोडा ढिला वाटतोय तो पावसाळ्याआधी बदलू, नाहीतर रबरं नवीन असूनही पाइप परत हलायला लागेल. दाट ऑइल पुढच्या सर्व्हिसला काढून कंपनीने सांगितलेलंच टाकायचं. काढलेला जुना सेन्सर चांगला आहे, तो त्यांच्या डिकीत स्पेअर म्हणून आहे.